रविवारचं वाढप

१

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात रूट नाइनवरून तळ्याच्या बाजूला वळलं की ‘द ग्रे मेअर’ नावाचा एक पब लागायचा. पब म्हटलं की आपल्या मंडळींच्या भुवया लगेच वर जातात. पण इथं लोक बिअरपेक्षा जेवायला यायचे, आणि त्यातही रविवारच्या रोस्टला, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांसाच्या जेवणाला. तो रोस्ट करायची नागपूरची प्रतिमा रामटेके. ही गोष्ट तिला रोज सकाळी नव्यानं आठवायची आणि रोज तितकीच आवडायची.

तिचा अभिमान फुकटचा नव्हता. नवऱ्याच्या, धम्मदीपच्या, सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमागून ती अमेरिकेत आली आणि नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर कित्येक वर्षं घरात बसून राहिली. ग्रीन कार्ड हातात पडताच तिनं वूस्टरला स्वयंपाकाच्या कोर्सला नाव घातलं, आणि मग या पबात बटाटे सोलायला लागली. पबचा मालक टॉम हॅलोरन म्हातारा, तिरसट, कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. त्याचा शेफ एका शनिवारी भांडून निघून गेला, तेव्हा रविवारचा रोस्ट प्रतिमानं लावला. टॉमनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि शेफचा पांढरा कोट आणून तिच्या हातात दिला. २००५ साल उजाडेपर्यंत त्या स्वयंपाकघरात तिच्या शब्दाबाहेर मीठसुद्धा हलत नव्हतं.

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला कांचन नावाच्या एका बाईनं तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “प्रतिमा, तू म्हणे तिथं बीफ करतेस?”

“करते,” प्रतिमा चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली. “आणि असं करते की चार गावांतून लोक येतात. तुम्ही पण या. तुमच्यासाठी चिकन रोस्ट करीन.”

कांचन आली नाही. प्रतिमाचं त्यावाचून काही अडलं नाही.

२

रविवारच्या जेवणात तिनं एकच गोष्ट नवी आणली होती, आणि तिच्यावरून टॉमशी तिचं कडाक्याचं वाजलं होतं. अमेरिकेत ताट भरून येतं, माणूस ते खातो, संपलं. प्रतिमाला हे बघवत नसे. तिनं रविवारी स्वतः वाढायला सुरुवात केली. हातावर मोठा ट्रे, त्यात मांसाचे काप, भाजलेले बटाटे, मिरी आणि भाजक्या जिऱ्याचा वास असलेली ग्रेव्ही. टेबलामागून टेबल घ्यायचं आणि प्रत्येकाला म्हणायचं, “थोडं आणखी?”

“हे रेस्टॉरंट आहे, लग्नघर नाही,” टॉम ओरडला होता.

“रविवारी लग्नघरच,” ती म्हणाली होती.

मॅसॅच्युसेट्सची माणसं मोठी संकोची. “नो, थँक यू, आय ॲम फाइन,” असं म्हणून मोकळी व्हायची. प्रतिमाच्या हिशेबी पहिला नकार म्हणजे निव्वळ सुरुवात. ती हसून आणखी एक काप वाढायची. मग हळूहळू लोक शिकले. बर्फ उपसणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर, शाळेतल्या बाया, चर्चमधून आलेली म्हातारी जोडपी, सगळे पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायचे आणि खो खो हसायचे. मुलांना तर तो खेळच वाटायचा. पुढं वूस्टरच्या पेपरात छापून आलं की या पबात शेफ स्वतः आग्रह करून वाढते, आणि टॉमचं तोंड कायमचं बंद झालं.

यामागं एक कारण होतं. ते तिनं तिथं कुणाला सांगितलं नाही. तिची आजी गावच्या लग्नांत अंगणाबाहेर बसायची. सगळे जेवून उठल्यावर उरलंसुरलं तिच्या पदरात वरून टाकायचे, आणि कधी कधी तेही उरायचं नाही. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा रडायची नाही, दात आवळायची. प्रतिमानं ठरवून टाकलं होतं, आपल्या हातच्या जेवणावरून कुणीही उपाशी उठणार नाही. कुणीही म्हणजे कुणीही.

३

तो माणूस नोव्हेंबरात यायला लागला. नक्की कधीपासून, ते तिला पुढं कितीही आठवून पाहिलं तरी सांगता आलं नाही.

कोट अडकवायच्या खुंट्यांजवळ एक लहान टेबल होतं. एकट्यादुकट्यासाठी ठेवलेलं, आणि दाराचा गारठा लागतो म्हणून बहुधा रिकामंच असायचं. एका रविवारी ट्रे घेऊन फिरताना तिला तिथं ताट दिसलं. ताटासमोर दोन हात, टेबलाच्या कडेवर नीट ठेवलेले. राखाडी लोकरी बाह्या. तिनं वाढलं. फेरी मारून परत आली तर ताट रिकामं. तिनं पुन्हा वाढलं.

वाढणाऱ्याची नजर ताटावर आणि हातांवर असते, तोंडाकडे नसते. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. त्यामुळे तो कोण, कसा, हे तिनं पाहिलंच नाही. तिला फक्त दिसलं की हा माणूस हात आडवा धरत नाही. ती खूश झाली. असा खाणारा भेटला की कुठल्या वाढणारीला आनंद होत नाही?

चौथ्यांदा की पाचव्यांदा वाढताना ती थट्टेनं बोलून गेली. वाढताना तिच्या तोंडून पुष्कळदा मराठीच यायचं, आणि कुणाला कळलं नाही तरी सूर सगळ्यांना कळायचा.

“लाजू नका हं. तुम्ही बास म्हणेपर्यंत मी वाढत राहीन. शब्द देते.”

ते दोन हात किंचित जवळ आले. नमस्कार केल्यासारखे नव्हे, पण एखादी गोष्ट नीट ठेवून घेतल्यासारखे.

४

पुढच्या रविवारी तो होता. त्याच्या पुढच्यालाही.

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. भांडी धुवायला आली की ताटांवर ग्रेव्हीचे ओघळ असतात, बटाट्याचा चुरा असतो, फार तर कुणीतरी पावानं पुसून घेतलेलं असतं. त्या टेबलावरचं ताट कोरडं होतं. चाटून पुसून स्वच्छ केलेलं नव्हे, तर कपाटातून काढल्यासारखं कोरडं. सुरी-काटा कागदी रुमालात गुंडाळलेला, तसाच.

“डेबी,” तिनं वेट्रेसला विचारलं, “खुंट्यांजवळच्या टेबलावरचा माणूस हातानं खातो का?”

डेबी पबात वीस वर्षं राबलेली, गावातल्या प्रत्येकाची कुंडली तिला पाठ. ती गोंधळून म्हणाली, “मला काय माहीत? ते तुझं टेबल. तूच त्यांना वाढतेस.”

“म्हणजे तू ऑर्डर घेत नाहीस?”

“हनी, मला वाटलं तुझे कोणी नातलग आहेत. अंकल वगैरे. तू त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोलतेस ना. म्हणून मी बिलसुद्धा कधी नेलं नाही.”

“मग पहिलं ताट त्यांच्यासमोर कोण ठेवतं?”

डेबीनं खांदे उडवले. प्रतिमाही हसली. पबात गर्दी असते, टॉमनं ठेवलं असेल. एकटा म्हातारा, फुकट जेवतोय तर जेवू दे. फुकट जेवणाऱ्यालाच तर पहिलं वाढायला हवं. असं म्हणून तिनं विषय संपवला, आणि आपण किती मोठ्या मनाच्या आहोत याचं तिला जरा कौतुकही वाटलं.

५

नाताळाच्या आधीच्या रविवारी मर्फी नावाचा ट्रक ड्रायव्हर कोट घालता घालता दारात थांबला. धिप्पाड गडी, तीन ताटं खाल्लेला.

“शेफ, नेहमीसारखंच फर्स्ट क्लास. पण गंमत सांगू? अजून भूक आहे.”

“मग बसा की परत!”

“तसं नाही.” त्यानं पोटावर हात ठेवला. त्याला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. “खाल्लं ना, सगळं खाल्लं. पण आत काही गेलंच नाही असं वाटतंय.”

जानेवारीत डेबीनं आणखी एक सांगितलं. रविवारी पबातून उठलेली माणसं सरळ घरी जात नाहीत. रस्त्यापलीकडच्या डोनटच्या दुकानात रांग लावतात. चर्चमधली म्हातारी जोडपी, शाळेतल्या बाया, सगळे. एकमेकांची नजर चुकवत उभे असतात.

हे ऐकून प्रतिमाला कानफटात बसल्यासारखं झालं. तिच्या हातचं जेवून माणसं उपाशी उठत होती! तिनं मांस देणारा बदलला. ओव्हनची उष्णता तपासून घेतली. यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे रोस्टबरोबर येणाऱ्या त्या पिठाच्या फुगीर वाट्या, तिनं दुप्पट मोठ्या केल्या. स्वतः चाखून पाहिलं, तर चव आधीपेक्षा उजवी. लोक खातही होते भरपूर. आता कुणी हात आडवा धरत नव्हतं. ती वाढत होती आणि ते खात होते.

“लॉजिकली विचार कर,” धम्मदीप म्हणाला. “विंटर आहे, भूक जास्त लागते. त्यात तू फेमस झालीस. लोकांच्या एक्स्पेक्टेशन्स वाढल्यात, यार.”

तिलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

६

पण मैत्रीचं काय करायचं, हे लॉजिकमध्ये बसेना.

मैत्री त्यांची मुलगी, तिसरीतली. धम्मदीपला रविवारी बऱ्याचदा कामाचे कॉल असायचे, म्हणून ती पबात येऊन बसायची. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल, गृहपाठ, आणि आईच्या हातचा रोस्ट. फेब्रुवारीत तिची जीन्स कमरेवरून घसरायला लागली.

“आय ॲम स्टिल हंग्री, आई,” ती रविवारी रात्री म्हणायची. मग सोमवारी सकाळी. मग मंगळवारी शाळेतून आल्याबरोबर. वरण-भात खायची, दूध प्यायची, केळी खायची. गालांची हाडं वर आली. डॉक्टरांनी जंतांपासून थायरॉइडपर्यंत सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. “नीट जेवते ना?” त्यांनी विचारलं, आणि प्रतिमाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

गाडीत बसल्यावर ती रडली. एवढ्या गावाला जेवू घालणारी बाई, आणि तिला विचारतात मुलगी जेवते का! दुखलं ते अभिमानाला, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. आणि मग आरशात मागच्या सीटवरचा मैत्रीचा चेहरा दिसला, आणि अभिमान वगैरे सगळं बाजूला पडून तिला नुसती भीती वाटली.

७

मार्चमधला तो रविवार. बाहेर लख्ख ऊन, बर्फ वितळून छपरावरून पाणी ठिबकत होतं. पब खचाखच भरलेला, दाराबाहेर माणसं ताटकळत. प्रतिमा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मधेच थांबली. काहीतरी कमी होतं.

बोलण्याचा आवाज नव्हता. एवढी माणसं, पण कुणी बोलत नव्हतं. फक्त चावण्याचा आवाज येत होता. आणि तो एकच होता. सगळे एका तालात चावत होते. मर्फी, डेबीची बहीण, म्हाताऱ्या जोडप्यांतले दोघंही, बारमागं उभा राहून बटाटा खाणारा टॉम. शेंगदाणे कुटताना येतो तसा सावकाश, सारखा आवाज.

तिनं मैत्रीकडे पाहिलं. मैत्री वहीवर पेन्सिल ठेवून चावत होती. प्रतिमाची नजर तिच्या गळ्यावर गेली. गळा हलत नव्हता. पोरगी चावत होती, चावत होती, आणि मग तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. तोंड रिकामं होतं. गिळलं नव्हतं, तरी रिकामं होतं.

मग प्रतिमानं खुंट्यांकडे पाहिलं. या वेळी ताटाकडे नाही, हातांकडे नाही. राखाडी कोटाच्या कॉलरवर एक लांब गळा होता. बंद ओठ, स्थिर जबडा. आणि चावण्याच्या प्रत्येक ठोक्याला तो गळा वरून खाली जात होता. सगळी खोली चावत होती. गिळत तो एकटा होता.

तिनं नजर आणखी वर नेली. चेहऱ्याचं वर्णन ती पुढं धम्मदीपलाही करू शकली नाही. तो भयंकर नव्हता, एवढंच ती म्हणायची. त्यावर भूकही नव्हती, राग नव्हता. तो तिच्याकडे विश्वासानं बघत होता. जिनं शब्द दिलाय तिच्याकडे बघावं तसा.

 ट्रे तिनं टाकला नाही. तो बारवर ठेवला आणि आयुष्यात कधी म्हणणार नाही असं ठरवलेलं वाक्य ती ओरडून म्हणाली.

“उठा! सगळे उठा. किचन क्लोज्ड. ताटं तशीच ठेवा आणि घरी जा!”

ताल तुटला. माणसं झोपेतून उठल्यासारखी इकडंतिकडं बघायला लागली. कुणी बडबडलं, कुणी खुर्ची ढकलली. भरल्या ताटांवरून माणसं उपाशी उठून चालली होती, तिच्या सांगण्यावरून. प्रत्येक पाठ दाराबाहेर जाताना तिच्या काळजाला चरा पडत होता. तरी ती मान ताठ ठेवून उभी होती.

“डेबी, मैत्रीला गाडीत नेऊन बस,” ती म्हणाली.

“आई, व्हॉट अबाउट यू?”

“मी येते. एक पाहुणे राहिलेत.”

टॉम बारमागून बाहेर आला होता, लालबुंद, भांडायच्या तयारीत. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खुंट्यांकडे पाहिलं. मग आपल्याच जबड्याला हात लावून पाहिला, आणि तोही निघून गेला.

खोली रिकामी झाली. तो बसलेलाच होता. मुकाट, सभ्य, हात टेबलाच्या कडेवर. प्रतिमाला एकदा वाटलं की आपणही पळावं, गाडी काढावी, गाव सोडावं. पण उठून गेलेल्या यजमानिणीला शोधत पाहुणा कुठवर येईल, हे तिला कोण सांगणार होतं? घरी तिच्या हातचं खाणारं एक पोर होतं.

तिनं एक खुर्ची ओढली. दोन ताटं वाढली, एक त्याच्यापुढं, एक आपल्यापुढं. वाढणारी बाई पहिल्यांदाच त्या खोलीत जेवायला बसली.

“शब्द मी दिलाय,” ती म्हणाली.  “त्या पोरीनं नाही दिला, या लोकांनी नाही दिला. मी दिलाय. आता तुमचं जे काय असेल ते माझ्याकडून.”

आणि तिनं पहिला घास चावायला घेतला. समोरचा गळा हलला.

८

‘द ग्रे मेअर’ आता रविवारी बंद असतो. पेपरवाल्यांनी विचारलं, गिऱ्हाइकांनी विनवण्या केल्या. “संडे इज फॅमिली डे,” असं टॉम सांगतो. रविवारची किल्ली त्यानं प्रतिमाला न मागता दिली, आणि कारण विचारलं नाही. शनिवारी मात्र पब ओसंडतो. लोक पुन्हा ताटावर हात आडवा धरायला लागलेत, आणि मर्फी दोन ताटांत गार होतो.

रविवारी दुपारी ती एकटी जाते. एकच रोस्ट लावते, पण नेहमीइतक्याच निगुतीनं. मांस मुरू देते, ग्रेव्ही गाळून घेते. ज्याच्यासाठी करायचं तो कोण आहे हे माहीत नसलं म्हणून स्वयंपाकात हयगय करणारी ती बाई नव्हे. मग दोघं समोरासमोर बसतात. ती सगळं खाते. तो अजून बास म्हणालेला नाही. धम्मदीप एकदा हट्टानं बरोबर आला होता. दारातूनच परत फिरला आणि गाडीत स्टिअरिंग धरून बसून राहिला. तेव्हापासून तो लॉजिकचं नाव काढत नाही, फक्त तिच्या हातातल्या सैल झालेल्या बांगड्यांकडे बघत असतो.

“किती दिवस करणार आहेस हे?” त्यानं विचारलं.

“दिवस कसले मोजायचे? पंगत माझी आहे,” ती म्हणाली.

मागच्या रविवारी ती संध्याकाळी घरी आली, तेव्हा पोटात नुसता खड्डा होता. तरी उभ्या उभ्या तिनं पोळ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, मैत्रीला वाढलं. मैत्रीचे गाल पुन्हा भरलेत, जीन्स आता तोकडी होते. तिनं बडबड करत दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मोडली, आणि मधेच खिडकीतून सायकलवर आलेली मैत्रीण दिसली तशी अर्धी पोळी ताटात टाकून पळाली.

“जेवण टाकू नये गं!” धम्मदीप ओरडला.

“राहू दे,” प्रतिमा म्हणाली.

ती त्या ताटापाशी बसली. टाकलेली अर्धी पोळी, थोडी भाजी, बाजूला सारलेली कोथिंबीर. तिच्या घरात पोट भरून अन्न उरलं होतं. इतका अभिमान तिला पेपरात नाव आलं तेव्हाही वाटला नव्हता. तिनं ती पोळी उचलली आणि हळूहळू चावून खाल्ली. घशाखाली काही उतरल्यासारखं वाटलं नाही. मग उठून तिनं ताट धुतलं आणि उद्याच्या डब्यासाठी कणीक मळून ठेवली.